विटाळ न मानणारी प्रार्थना

इसवी सनापूर्वी ५२० साली हाग्गय संदेष्ट्याने यरुशलेमच्या याजकांना दोन प्रश्न विचारले. वेदीवर वाहिलेले पवित्र मांस कुणी पदरात बांधून नेले आणि तो पदर वाटेत भाकरीला, कालवणाला किंवा तेलाला लागला, तर ते पदार्थ पवित्र होतील का? याजकांनी नाही म्हटले. मग प्रेताला शिवलेला माणूस त्याच पदार्थांना शिवला, तर ते विटाळतील का? याजक म्हणाले, विटाळतील.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा संवाद उलगडून सांगावा लागत नाही. सोवळ्यात असलेल्या आजीला शाळेतून आलेला नातू शिवला तर आजी ओवळी होते. नातू काही सोवळा होत नाही. विटाळ चालून येतो, पावित्र्याला पाय नसतात. असा हिशेब एकदा मांडला की पावित्र्य राखायला एकच उपाय उरतो, अंतर. घरात हे अंतर चुलीपुरते होते. गावात ते पाणवठ्यापर्यंत आणि वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत गेले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, इथवर त्याची मजल गेली होती.

ख्रिस्ती प्रार्थनेवरच्या पुस्तकाची सुरुवात इथून करण्याला कारण आहे. प्रार्थनेवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा दोन अंगांनी. एक, प्रार्थना कशी करावी. दोन, प्रार्थनेने काय मिळते. प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या शेजाऱ्याचे काय होते, त्याच्या घरच्यांचे, हाताखालच्यांचे, विरोधकांचे काय होते, हा प्रश्न मागे राहतो. येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली ती याच प्रश्नासंबंधी. मीठ स्वतःसाठी नसते. ते ज्यात पडते त्याला नासू देत नाही, आणि त्यासाठी त्याला त्यात पडावे लागते. तेव्हा प्रार्थनेने माणूस जर इतरांना पावन करणारा होणार असेल, तर हाग्गयाच्या याजकांनी दिलेले उत्तर कुठेतरी उलटले पाहिजे. ते कुठे आणि कसे उलटते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात तीन प्रसंग एकापाठोपाठ येतात. पहाटे अंधार असतानाच येशू उठतो, एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. मग तो गालीलातल्या गावांतून फिरू लागतो. तिथे एक कुष्ठरोगी त्याच्यापुढे गुडघे टेकतो, आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहायचे, आपण अशुद्ध आहोत असे ओरडून सांगायचे. त्याला शिवणारा अशुद्ध होणार हे ठरलेले. इथे घडते ते नेमके उलटे. शिवणारा विटाळत नाही, शिवला गेलेला शुद्ध होतो. पावित्र्याला पाय फुटतात.

मार्क इथे थांबत नाही. बरा झालेला माणूस जिकडेतिकडे बोभाटा करतो आणि त्यामुळे येशूला गावात उघडपणे जाता येईनासे होते. त्याला बाहेर, ओसाड जागी राहावे लागते. म्हणजे अध्यायाच्या शेवटी कुष्ठरोगी गावात आहे आणि येशू वेशीबाहेर. दोघांनी जागा बदलल्या आहेत. पहाटेची प्रार्थना, कुष्ठरोग्याला केलेला स्पर्श आणि वेशीबाहेरचा मुक्काम हे तिन्ही एका सुतात ओवलेले दिसले, की ख्रिस्ती प्रार्थनेचे वेगळेपण हाती लागते. ती माणसाला शुद्ध करून बाजूला बसवत नाही. ती त्याला कुणाला तरी शिवायला पाठवते, आणि त्या शिवण्याची किंमतही मोजायला लावते.

मत्तयाने नोंदवलेल्या डोंगरावरील प्रवचनात मात्र एक अडचण उभी राहते. पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, त्यांना तुमची सत्कर्मे दिसू द्या. सहाव्या अध्यायात सांगतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले आहे, लोकांनी त्यांना पाहिले तेच ते फळ. मग दिसायचे की लपायचे? दोन्ही आज्ञा एकाच प्रवचनातल्या, एकाच मुखातल्या आहेत.

बारकाईने वाचले की ध्यानात येते, लोकांपुढे ठेवायची ती कृती आणि लपवायची ती साधना. आपण मात्र नेमकी अदलाबदल करतो. प्रार्थना गाजवतो आणि कृती लपवतो, कारण लपवण्याजोगीच ती असते. दार लावून केलेल्या प्रार्थनेचे शब्दही येशूने शिकवले, आणि त्यात एकदासुद्धा ‘मी’ येत नाही. बाप आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. खोलीत माणूस एकटा आहे. तरी त्याच्या तोंडी असलेल्या अनेकवचनामुळे सारी आळी त्या खोलीत येऊन बसते. या प्रार्थनेत भक्ताने स्वतःविषयी ठामपणे सांगायचे असे एकच आहे, ते म्हणजे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे. त्याच प्रवचनात याआधी आणखी रोखठोक सूचना येऊन गेली आहे. वेदीपाशी दान घेऊन उभे असताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. उपासना अर्धवट टाकून जायची परवानगी, नव्हे आज्ञा, यासाठीच आहे.

ही आज्ञा ज्याच्या प्रार्थनेला कितीतरी वर्षे शिवलीच नाही, अशा एका प्रार्थनाशील माणसाचे उदाहरण इथे दिले पाहिजे. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवरच्या वादळात जहाज बुडण्याच्या बेतात असताना त्याने देवाचा धावा केला, आणि आपल्या परिवर्तनाचा दिवस म्हणून तो दिवस जन्मभर पाळला. पुढे तो कप्तान झाला; गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा. १७५० ते १७५४ या काळात त्याने अशा तीन सफरी केल्या. डेकवर तो रविवारी खलाशांसाठी उपासना घेई, बायबल वाची, रोजनिशीत आत्मपरीक्षण लिही. डेकखाली साखळदंडांत जखडलेली आफ्रिकेतली माणसे होती. त्याची प्रार्थना ढोंगी नव्हती, आणि म्हणूनच हे उदाहरण जिव्हारी लागते. ती खरी होती, कळकळीची होती, पण डेकखाली उतरत नव्हती. त्याने तो धंदा सोडला तोही आजारपणामुळे; सदसद्विवेकबुद्धीने तेव्हा तोंड उघडले नव्हते.

न्यूटन १७६४ मध्ये धर्मगुरू झाला. ओल्नी या गावी त्याने लिहिलेले ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत आज जगभर गायिले जाते. ते १७७३ सालचे. तोवर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे काही म्हटले नव्हते. त्याची त्या व्यापाराविरुद्धची पुस्तिका निघाली १७८८ मध्ये, वादळातल्या त्या धाव्यानंतर चाळीस वर्षांनी. तीत त्याने स्वतःला वगळले नाही; डेकखाली काय चाले ते कप्तानाच्या साक्षीने लिहिले. त्याआधी, १७८५ च्या डिसेंबरात, विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार त्याच्याकडे सल्ल्याला आला होता. राजकारण सोडून धर्मकार्याला लागावे असे त्याच्या मनात घोळत होते. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला.

चाळीस वर्षे. प्रार्थनेने माणूस पावन होतो हे खरे मानले, तरी तिला इतका वेळ लागू शकतो आणि तेवढ्या वेळात किती माणसे साखळदंडांत मरू शकतात, याचा विसर पडता कामा नये. आपल्या मंडळ्यांनीही न्यूटनवर हसू नये. एकाच पवित्र भोजनाला बसणाऱ्यांनी मुलामुलींची लग्ने जुळवताना जात विचारणे, मृतांसाठी दफनभूमीत वेगळे कोपरे राखणे, हे भारतातल्या चर्चनेही केले आहे. प्रार्थना चालू होती आणि सोवळेही चालू होते. किंबहुना प्रार्थनेचेच सोवळे झाले होते. जो प्रार्थनेला येतो तो आपला, जो येत नाही तो बाहेरचा, अशी ती नवी वेस.

आता याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, आपल्या मातीतल्या व्यक्तीकडे वळू. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि त्यांच्या छोट्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मन कशाने हलले, याचे उत्तर त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिले आहे. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींचे एक सदन होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे, त्यांची मायेने शुश्रूषा होई. अशा बायकांसाठी कुणी काही करते, हे रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली ही कथा मराठी वाचकाने पाण्याच्या अंगाने वाचावी. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई. पाच नवरे झालेले आणि आताचा पुरुष नवरा नसलेला. ती शोमरोनी, येशू यहूदी. दोन्ही समाजांत भांड्यालाभांडे लागू नये असा दंडक. येशू तिला पावन करायला निघालेल्या माणसासारखा उपदेशाने सुरुवात करत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. देणारी ती, घेणारा तो. तिच्या भांड्यातले पाणी प्यायची तयारी त्याने आधी दाखवली, आणि मग उपासना कुठल्या डोंगरावर करावी हा तिचा प्रश्न त्याने गंभीरपणे घेतला. ख्रिस्ती परंपरेतला प्रार्थनेविषयीचा एक सर्वांत खोल संवाद या अशा बाईशी, अशा जागी झाला आहे.

रमाबाई आणि वाँटेजच्या भगिनी यांच्या नात्यात पुढे जे घडले तेही या पुस्तकाच्या दृष्टीने बोलके आहे. बाप्तिस्म्यानंतर या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंना चर्चच्या शिकवणुकीच्या चौकटीत बसवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून, चर्चच्या अधिकारावरून दोघींमध्ये लांबलचक पत्रव्यवहार झाला. रमाबाई बधल्या नाहीत. संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेल्या या बाईने, माझी सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, ही भूमिका सोडली नाही. त्याच आश्रमातल्या भगिनींची फुलहॅममधली मुकाट सेवा मात्र त्यांच्या जन्माला पुरली. केडगावच्या मुक्ती सदनात पुढे त्यांनी कृपा सदन काढले, ते फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्याच स्त्रियांसाठी. दाब आणि प्रभाव यांतला फरक याहून स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण. एकाच आश्रमातून दोन्ही निघाले. दाब वाया गेला, प्रभाव रुजला.

हाच फरक पुढे रमाबाईंना स्वतःला कसाला लावणारा ठरला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात हलवले. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी असलेल्या या संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. ‘केसरी’ने तोफ डागली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे साधे होते. मुलींना आपापली पूजाअर्चा करायला सदनात मुभा आहे; मग आपल्या प्रार्थनेत येऊन बसणाऱ्या मुलीच्या तोंडावर दार लावण्याचे कारण काय? या म्हणण्यात बळ आहे. पण सल्लागारांचीही बाजू उडवून लावण्याजोगी नाही. जिच्या घासावर आणि छपरावर मुलगी अवलंबून आहे, तिच्या उघड्या दारातून आत जाणे सर्वस्वी स्वेच्छेचे असते का? मायेचीही सत्ता असते. ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न विरोधकांचा म्हणून झटकू नये, कारण तो प्रार्थनेच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. दुसऱ्याला बदलण्यासाठी केलेली प्रार्थना आणि दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना यांत अंतर आहे. पहिलीत समोरचा माणूस आपल्या कामाचा कच्चा माल असतो. दुसरीत तो आपल्या शेजारी उभा असतो, आणि समोर देव असतो. रमाबाईंचे उघडे दार यांपैकी कुठले होते, याचा निवाडा एका वाक्यात होणारा नाही. या ग्रंथातल्या एका लेखात दोन्ही पक्ष सविस्तर मांडले आहेत.

केडगावात हा प्रश्न निराळ्या रूपात पुढे आला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी आल्या. उपासमारीने आणि त्याहून वाईट अनुभवांनी पिचलेल्या, नाना जातींच्या या मुली एका आवारात राहू लागल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे चालू झाली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यासाठी स्वयंसेविका मागितल्या. सुरुवातीला सत्तरएक जणी पुढे आल्या, मग संख्या पाचशेवर गेली, आणि जूनच्या अखेरीस मुक्तीमध्ये ते प्रसिद्ध आत्मिक जागरण सुरू झाले. मुली ढसढसा रडल्या, त्यांनी आपली पापे उघड कबूल केली, रात्र रात्र प्रार्थना चालली. या भावनावेगाकडे तेव्हाही काहींनी साशंकतेने पाहिले. या जागरणावर लिहिणारे बहुतेक लोक त्या जून महिन्यापाशीच थबकतात. मला त्याआधीचे महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. ज्यांच्यासाठी आजवर कुणी बोट हलवले नव्हते, त्या मुली रोज उठून दुसऱ्यांसाठी देवापाशी रदबदली करीत होत्या. दयेवर जगणाऱ्याला दुसऱ्यासाठी मागण्याचा अधिकार देणे, याहून मोठा सन्मान नाही. मुक्तीचे पावित्र्य त्या सन्मानात होते.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या कामाला वाहिली तेही याच जातकुळीचे होते. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी केले. पंडितांच्या सभेत गाजलेली संस्कृत त्यांना अवगत होती. पण भाषांतर त्यांनी खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचून कळावे अशा सोप्या मराठीत केले. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. हे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषेचे सोवळे सोडणे हीसुद्धा एक प्रार्थना असू शकते.

ख्रिस्ती परिभाषेत दुसऱ्यासाठी केलेल्या या प्रार्थनेला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. तिचा पहिला परिणाम कुणावर होतो, हे डीट्रिक बोनहोफर या जर्मन धर्मचिंतकाने फार नेमके ओळखले होते. १९३५ ते ३७ या काळात हिटलरविरोधी चर्चच्या तरुण पाळकांना तो फिंकेनवाल्डे इथे शिकवत होता. गेस्टापोने ते विद्यालय बंद पाडले. तिथल्या सहजीवनावरचे त्याचे छोटे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा मुद्दा असा की, ज्या माणसासाठी मी रोज प्रार्थना करतो त्याचा द्वेष करणे मला दिवसेंदिवस अवघड होत जाते. तो कितीही त्रास देवो, प्रार्थनेत त्याचा चेहरा बदलतो. बोनहोफरच्या लेखी ही मध्यस्थी म्हणजे मंडळीचे नित्याचे शुद्धीकरण होते. इथे प्रार्थनेने बदललेला माणूस कोण, हे पाहावे. ज्याच्यासाठी मागितले तो अजून तसाच असेल, त्याला पत्ताही नसेल. मागणारा बदलला आहे. आणि मागणाऱ्याचा हा बदललेला चेहरा, बदललेला सूर, राग न धरता केलेले पुढचे बोलणे, हेच त्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचते.

हे घरात किती सावकाश घडते, याचा मराठीतला सर्वांत जिवंत दाखला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते गेले होते. अशा घरातली ही मुलगी. तिचा नवरा, नारायण वामन टिळक, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाला. तिच्यावर आभाळ कोसळले. पुढे ती नवऱ्याकडे परतली तरी सोवळे तिने सोडले नाही, आणि टिळकांनी ते तिला सोडायला लावले नाही. तापट आणि लहरी असे हे गृहस्थ या एका बाबतीत थांबून राहिले. मग एके दिवशी, जात देवाने केली की माणसाने, या विचाराने लक्ष्मीबाईंच्या मनातला पीळ आपला आपणच सुटला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात किती पोरकी मुले वाढली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. ज्या घरात धुतल्याशिवाय काही आत येत नसे, त्या घरातल्या लेकीने जगाने टाकलेली लेकरे तशीच उचलून घेतली.

टिळकांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी घ्यायचे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अभंग, कीर्तन, ओवी ही आपली सारी शिदोरी त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांच्या आधी तीनशे वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यातल्या रायतूर इथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानेही मराठी ओवीच पत्करली होती. म्हणजे पावन करणारा प्रभाव एकाच दिशेने वाहत नाही. ख्रिस्ती माणूस इतरांसाठी मीठ असेल, तर त्याच्या जेवणातही इतरांच्या हातचे मीठ आहे. वारकऱ्यांची लीनता, फुल्यांचा रोखठोकपणा, आंबेडकरांची न्यायाची भूक यांनी महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती प्रार्थनेला शुद्ध केले आहे. निदान करू द्यायला हवे. शोमरोनी बाईकडे पाणी मागणाऱ्याच्या अनुयायांना घेण्याची लाज वाटू नये.

या ग्रंथाची मांडणी याच विचाराने केली आहे. पहिल्या भागात बायबलमधले शुद्धाशुद्धतेचे नियम आणि येशूने केलेली त्यांची उलथापालथ यांवरचे लेख आहेत. दुसऱ्या भागात प्रभूच्या प्रार्थनेचे एकेक वाक्य घेतले आहे. प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘आमचे’ म्हणजे कुणाकुणाचे, हा प्रश्न आहे. तिसरा भाग इतिहासाचा; त्यात रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्याबरोबर न्यूटनसारखी अवघड उदाहरणेही घेतली आहेत, कारण फक्त यशाच्या कथांनी प्रार्थना शिकता येत नाही. चौथा भाग व्यवहाराचा आहे. कुटुंबप्रार्थना, आजाऱ्यापाशी करायची प्रार्थना, भांडण झालेल्या माणसासाठी करायची प्रार्थना, परधर्मीय शेजाऱ्याच्या घरी दुःखाच्या वेळी बोलायचे शब्द, असे विषय त्यात येतात. वाचक ख्रिस्ती नसेल तर त्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. ख्रिस्ती असेल तर मात्र पहिला भाग ओलांडून जाऊ नये. आपल्या मनात कुठले सोवळे अजून शिल्लक आहे ते तिथे कळेल.

एक धोका सांगून ही प्रस्तावना संपवतो. लूकने सांगितलेल्या दाखल्यात परूशी आणि जकातदार दोघेही मंदिरात प्रार्थना करायला जातात. परूशाच्या प्रार्थनेत जकातदाराचा उल्लेख आहे. आपण त्याच्यासारखे नाही याबद्दल तो देवाचे आभार मानतो. म्हणजे दुसऱ्याचे नाव प्रार्थनेत आले एवढ्याने ती मध्यस्थी होत नाही. ती तुलनाही असू शकते, तक्रारही असू शकते, आणि ‘त्याला सुबुद्धी दे’ या शब्दांत दडलेला सूडही असू शकतो. इतरांना पावन करायला निघालेल्या माणसाला हा परूशी हटकून गाठतो. त्यावर या पुस्तकात एकच उपाय सुचवला आहे, आणि तो फारसा आध्यात्मिक वाटणार नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना कराल त्याच्याकडे त्याच आठवड्यात काहीतरी मागायला जा. सल्ला मागा, मदत मागा, नाहीतर घोटभर पाणी मागा. ज्याच्याकडून काही घ्यायला आपण तयार नाही, त्याच्यासाठी मागायचा हक्क आपण अजून कमावलेला नाही.